रश्श्यात बटाटा

डॉल्सी उतरणार नाही म्हणजे नाहीच, हे केल्वर्टला पक्कं ठाऊक होतं. बहीणच होती ना त्याची! ज्वालामुखीचा डोंगर फुटला, बेटावरच्या प्लायमाउथ गावातलं आईचं घर राखेत गाडलं गेलं, तेव्हा इंग्लंडला निघताना धक्क्यावर उभी राहून ती म्हणाली होती, "या बेटावर मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही." त्याला आता पंचवीस-तीस वर्षं झाली. आणि आज नवऱ्याच्या शिडाच्या बोटीतून बेटं बघत हिंडत हिंडत बाईसाहेब लिटल बेच्या खाडीत नांगर टाकून बसल्या होत्या. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पण पाऊल बोटीवरच.

तिचा नवरा ग्रॅहम कागदपत्रं करायला छोट्या होडीतून एकटाच आला. सज्जन माणूस बिचारा.

"उद्या सकाळी पुढच्या बेटाला, ग्वादलूपला निघतोय," तो मान खाली घालून म्हणाला. "मी खूप सांगून पाहिलं हो. ती म्हणते, घरच नाही तर उतरू कुठे?"

केल्वर्टने बोटीकडे पाहिलं. दोघाही भावंडांची सत्तरी जवळ आली होती. आत्ता नाही तर मग कधी भेटणार?

पण जन्म गेला होता मासेमारीत. मासा लागत नसेल तर आमिष बदलावं, एवढं त्याला कळत होतं. दुपारी त्याने वाळूत दगड मांडले, लाकडं पेटवली, लोखंडी भांडं चढवलं आणि गोट वॉटर, म्हणजे बेटावरचा मानाचा रस्सा, रटरटायला ठेवला. बोकडाचं मटण, कांदा, लवंग, जायपत्री. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, त्यामुळे वास थेट बोटीवर. या रश्श्याशिवाय इथे ना लग्न लागतं, ना मयताची माणसं घरी जातात.

डॉल्सी डेकवर आली. नाक वर करून उभी राहिली. आणि पुन्हा आत गेली!

"अस्सं काय!" म्हणत केल्वर्टने वायरलेस उचलला. त्यावर बोललेलं खाडीतल्या सगळ्या होड्यांना ऐकू जायचं. "डॉल्सी, रस्सा चढवलाय गं. या खेपेला जरा नवीन करून बघतो. बटाटे टाकतोय."

मग खाडीभर गलका उसळला.

"केल्व्या, शुद्धीवर आहेस ना?" त्याचा सोबती टिबो आपल्या होडीतून ओरडला. "रश्श्यात बटाटा?"

"अरे, लाज कुठे विकलीस?" दुसरं कोणीतरी.

"गाजरंही घालीन म्हणतो," केल्वर्ट शांतपणे म्हणाला.

आणि मग तो आवाज आला. "खबरदार! बटाटा टाकलास तर हात मोडून ठेवीन! आईने कधी घातला होता रे बटाटा?"

"आई आहे कुठे बघायला? ज्याला सहन होत नाही त्याने येऊन थांबवावं."

बोटीवर परतलेला ग्रॅहम बिचारा तिला छोट्या होडीत घेऊन जीव खाऊन वल्ही मारत होता. होडी वाळूला लागायच्या आधीच डॉल्सीने गुडघाभर पाण्यात उडी टाकली, एक बूट लाटेत गेला तरी थांबली नाही. तरातरा आली, पळी हिसकावली, भांडं तळापासून ढवळलं.

"बटाटा कुठाय?"

"घरात बटाटा आहे कुठे?"

"मेल्या!" तिने पळी उगारली आणि हात तसाच वर राहिला. भांड्याचा एक कान तुटलेला होता, तिथे तांब्याची तार गुंडाळलेली. बाबांनी गुंडाळलेली.

"हे आईचं?"

"राख पडायला लागली तेव्हा धावत गेलो होतो. एवढंच हाताला लागलं."

डॉल्सी ओल्या झग्यानिशी वाळूत बसली आणि हमसून हमसून रडली. केल्वर्टही रडला, धुराचं निमित्त न करता. मग तिने नाक पुसलं, पळीभर रस्सा फुंकून चाखला.

"लवंग कमी आहे."

"मग टाक की."

तिने टाकली. "थोडा वेळच थांबणार हं मी," ती म्हणाली. "बूट वाळेपर्यंत."

केल्वर्टने लाटेतून तिचा बूट शोधून आणला, नीट झटकला आणि विस्तवापासून चांगला लांब, सावलीत वाळत ठेवला.