जमपर्यंत

दुरुस्तीला आलेल्या लुत्फीने फोटो साठवायच्या डब्यातल्या दोन जुन्या डिस्कपैकी एक ओढून काढली आणि पुसून टेबलावरच्या जाळीदार रुमालावर ठेवली. वसीलाने ती लगेच उचलून हातात धरली. डिस्क अजून कोमट होती.

"दोन्ही एकदम नाही काढायच्या, मावशी," लुत्फी म्हणाला. "आज ही बदलतो. मग दुसरी सगळं नव्या डिस्कमध्ये उतरवून देईल, त्याला उद्यापर्यंत वेळ लागेल. मग तिला बदलू. जागा वाढेल ती त्यानंतर."

"तोवर काही जाणार नाही ना?"

"नाही. पण एवढा खर्च कशाला? मी पाहिलं आत. पार्किंगचे खांब, दुकानाच्या पावत्या, बुटांचे फोटो. निम्मं पुसलं तर फुकटात काम होईल."

"पावत्या राहू देत," वसीला म्हणाली. "त्यावरून कळतं तो काय खातो ते."

लुत्फीने मान खाली घालून नवी डिस्क आत सरकवली.

हा डबा तिच्या नवऱ्याने, हमादीने बसवला होता. चार वर्षांपूर्वी परदेशात राहणारा मुलगा, अनीस, ल्योंहून आला होता, तेव्हा हमादीने त्याचाही फोन डब्याला जोडून दिला; त्यावर काढलेला फोटो आपोआप इथे उतरायचा. त्याच हिवाळ्यात हमादी गेला. अनीस मयताला पोचला नाही; विमान मिळालं नाही म्हणाला. त्यानंतर त्याने स्फॅक्सच्या या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. ईदला फोन यायचा, तोही घाईचा. फोटो मात्र येत राहिले. फोन जोडलेला आहे हे तो विसरला असावा. वसीला रोज सकाळी कॉफी घेऊन डब्याला जोडलेल्या पडद्यासमोर बसायची. नात लीनाचे दुधाचे दात पडलेले तिने तिथेच पाहिले. सहा आठवड्यांपूर्वी डबा भरला आणि फोटो थांबले.

बुधवारी दुपारी लुत्फीने शेवटचं बटण दाबलं. "झालं. आता दहा वर्षं चिंता नाही." पैसे घेऊन तो गेला.

साचलेले फोटो एकामागून एक उतरू लागले. लीनाची नवी सायकल. भाजीची पावती. मग विमानाची खिडकी. मग निळा पोहण्याचा तलाव, दंडाला फुगे बांधलेली लीना, आणि मागे हॉटेलची पाटी : हम्मामेत.

वसीलाने कप खाली ठेवला. हम्मामेत म्हणजे मोटारीने अडीच तास. तारखा पाहिल्या तर तीन आठवड्यांपूर्वीच्या. आठ दिवस ती सगळी तिथे होती. त्या आठ दिवसांत आपण काय करत होतो ते वसीलाला आठवेना.

पाचव्या दिवशीचा एक फोटो वेगळा होता. रस्त्याकडेची पाटी, गाडीच्या काचेतून काढलेली, थोडी हललेली. वाटेवरचं जम गाव ओलांडल्यानंतरची : स्फॅक्स, ६०. त्यानंतरचा फोटो संध्याकाळचा होता, पुन्हा तलावाचा.

तिने अनीसला फोन लावला.

"काय गं आई? बरी आहेस ना?"

"बरी आहे. बाबांचा डबा भरला होता. मोठा करून घेतला."

"कुठला डबा?"

"ज्यात तुझे फोटो येतात."

पलीकडे लीना कुणाला तरी काही सांगत होती. मग दार लागल्याचा आवाज आला आणि लीनाचं बोलणं तुटलं.

"अजून येतात?"

"आज पुन्हा आले. साचले होते."

वसीलाने पाटीचा फोटो पुन्हा पडद्यावर आणला.

"जमपर्यंत आलो होतो, आई," अनीस म्हणाला.

"पाहिलं."

"एकटाच होतो. बाबांच्या कबरीवर जायचं, मग घरी, असं ठरवून निघालो होतो. ती पाटी दिसली आणि पुढे गाडी नेववेना."

वसीलाने ओढणीच्या टोकाने पडद्यावरची धूळ पुसली. ती पाटी अजून समोरच होती.

"पुढच्या वेळी जमला पोचलास की तिथेच थांब," ती म्हणाली. "मला फोन कर. मी येते."

"तू कशी येशील?"

"शेअर टॅक्सी असते की. तासाभराचा तर रस्ता."