शोकेसमागची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. मात्र मला उघडून तुम्ही बाहेर पाहायला जाल, तर तुमच्या नाकाला प्लायवूड लागेल. हसू नका. खिडकी असून भिंतीसारखं जगणं काय असतं, ते माझं मलाच माहीत.

माझा जन्म नागपुरातला, सन चौसष्टचा. सक्करदऱ्याला धोंडबानं दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं, तेव्हा नत्थू सुतारानं मला घडवलं. लाकूड सागाचं, पण जुन्या बाजारातून आणलेलं. माझ्या उजव्या खांबाला वरून खाली एक बारीक चीर होती. धोंडबा मिलमध्ये मागावर काम करणारा माणूस, सुताचा एक धागा तुटला तरी त्याला दिसायचा. ही चीर त्याला लगेच दिसली. तो म्हणाला, "नत्थू, हे काय फाटकं लाकूड लावून राहिला गा?" नत्थू म्हणाला, "चौकट मजबूत आहे भाऊ. चिरीनं काही होत नाही." मला फार लाज वाटली होती. अंगावर खोट घेऊनच जन्माला आले, असं वाटलं.

मला भिंतीत बसवायची वेळ आली, तेव्हा दादाजी मिस्त्री आणि धोंडबाची बायको कौसल्या यांची जुंपली. दादाजीला मी उंच हवी होते.

"बाई, इतकी खाली ठेवली तं चोर हात घालन ना आत!"

"चोराले काय भेटन आमच्या घरी?" कौसल्या म्हणाली. "मले बसल्या बसल्या रस्ता दिसला पाह्यजे."

झालं, मी खाली बसले. आतून पाहाल तर कौसल्या शिवणयंत्रापुढे बसली की तिचं कोपर सहज माझ्यावर टेकायचं. घराचं जोतं उंच आणि पुढचं उघडं अंगण रस्त्याइतकंच खोल, त्यामुळे बाहेरून मी उभ्या माणसाच्या खांद्याला लागायचे. दादाजीनं बाहेरच्या अंगाला चांगली रुंद दगडी फरशी टाकली होती. या रुंद फरशीनंच पुढे माझं नशीब काढलं.

कौसल्या गल्लीतल्या बायकांचे झंपर शिवायची. पहिल्याच आठवड्यात हातातली सुई कुठं ठेवावी म्हणून तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या त्या चिरीत ती टोचून दिली. सुई अशी बसली, जणू तिच्यासाठीच ती चीर पडली होती. तेव्हापासून काम संपलं की सुई माझ्याकडे. कौसल्याच्या घरात सुई कधी हरवली नाही. माझी खोट माझी मिरवायची जागा झाली, आणि मी जरा शेफारलेच.

रोज दुपारी इंदूबाई यायची. ती डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकायची. भरली टोपली डोक्यावरून उतरवायला दुसऱ्याचा हात लागतो. भर उन्हात दुसरा हात आणायचा कुठून? पण माझी फरशी होती ना. इंदूबाई पाठमोरी व्हायची, गुडघे न वाकवता टोपली अलगद माझ्यावर सरकवायची आणि मोठा श्वास सोडायची.

"कौसल्या, वं कौसल्या! पाणी दे वं."

"घे. आज लवकर आटपलं?"

"कायचं लवकर! मेथी तशीच राह्यली पाय."

गजांमधून तांब्या बाहेर जायचा आणि सांबाराची जुडी आत यायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, हे तुमच्यातल्या पुण्यामुंबईच्या मित्रांसाठी सांगितलं. मग दोघी बोलत बसायच्या. काय बोलायच्या? काहीच नाही आणि सगळंच. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा नवरा घरी पैसे देत नाही, तलावाला पाणी किती राहिलं. धोंडबा आजारी पडून गेला, त्यानंतर महिनाभर कौसल्या कोणाशी धड बोलली नाही. इंदूबाई तेव्हाही यायची, टोपली टेकवायची आणि पाणी पिऊन तशीच उभी राहायची. एके दिवशी कौसल्याच म्हणाली, "आज वांगे दिसून नाही राह्यले टोपलीत." इंदूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि वांग्यांना शिव्या घालायला सुरुवात केली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, दाराशी यायला माणसाला कारण लागतं. खिडकीशी यायला लागत नाही. जाता जाता थांबलं, झालं. ही गोष्ट मला ठाऊक होती, कौसल्यालाही ठाऊक होती. पण जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, ती कोणी बोलून दाखवत नाही.

कौसल्याचा मुलगा मोठा झाला. घरीदारी सगळे त्याला भैय्याजीच म्हणत. त्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि प्रेमलता सून म्हणून घरात आली. मग भैय्याजीनं मनावर घेतलं, की अंगणात पुढे एक मोठी खोली काढायची. आईनं जन्मभर दोन खोल्यांत काढलं, आता तिनं पंख्याखाली सोफ्यावर बसावं, ही त्याची हौस. रंग कोणता, फरशी कोणती, सगळं त्यानं आईला विचारलं. तू बसतेस कुठं, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं. पोर वाईट नव्हतं हो. त्याला वाटलं, नवी खोली म्हणजे बसायला जागाच जागा.

घर पाहावं बांधून म्हणतात, ते मी दुसऱ्यांदा पाहत होते. विटा आल्या, रेती आली, आता डोक्यावर पांढरे केस मिरवणारा तोच दादाजी आला. अंगणाच्या कडेनं भिंत उठू लागली. आधी रस्त्यावरचे पाय दिसेनासे झाले, मग सायकलींची चाकं. इंदूबाईला उलट गंमत वाटली. ती त्या अर्ध्या भिंतीवरच टोपली टेकवायची आणि तिथून ओरडून बोलायची. आणखी काही थर चढले आणि भिंत तिच्या डोक्याच्या वर गेली. मग मला फक्त टोपली जाताना दिसली. टोपलीत मुळ्याचा पाला हलत होता. एक दिवस तोही दिसला नाही.

उन्हाचे दिवस होते, नव्या भिंतीला पाणी मारावं लागे. ते काम कौसल्यानं आपल्याकडे घेतलं. सकाळ-संध्याकाळ बादली उचलून ती भिंतीवर पाणी मारायची, भिंत पक्की व्हावी म्हणून. मी तिच्या पाठीकडे बघत राहायचे. माझ्या तोंडावरची भिंत माझीच कौसल्या पक्की करत होती.

नव्या खोलीवर छत आलं. मी आता दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत आले. असून अडचण, नसून खोळंबा! भैय्याजीनं दादाजीला विचारलं, "हिले काढता येते काय?" दादाजीनं भिंतीवर हात ठोकला. "जुनी भिंत मातीतली आहे. चौकट काढली तं भिंत खाली येईन."

मग प्रेमलतेला युक्ती सुचली. नव्या खोलीच्या बाजूनं माझ्या पोकळीत काचेचं शोकेस बसवलं, पाठीला प्लायवूड ठोकलं. आत एक ताजमहाल, दोन बाहुल्या आणि कपबशा. पाहुणे म्हणत, शोकेस सुंदर आहे. माझी रुंद फरशी आता बाहुल्यांच्या पायाखाली होती.

इंदूबाई पहिल्या दिवशी आली ती दारात. प्रेमलतेनं मनापासून बोलावलं, "मावशी, आत या ना. ठेवा टोपली."

"नको वं बाई. टोपलीतून पाणी गळून राह्यलं. तुही फरशी खराब होईन."

टोपली डोक्यावरच ठेवून ती पाणी प्यायली. दोन-चारदा अशी आली. मग यायची थांबली. गल्लीतल्या बायकाही झंपर शिवायला देईनाशा झाल्या. चकचकीत खोलीतून आत जायचं, सोफ्यावर बसायचं आणि सांगायचं काय, तर बाही उसवली? त्यांनी चौकातला शिंपी पाहिला.

कौसल्या जुन्या खोलीत मिणमिणता दिवा लावून बसायची. कधी काही शिवायला असायचं, कधी नसायचं. माझ्या झडपा आत उघडतात, त्यामुळे त्या उघडायला अडचण नव्हती. ती रोज दुपारी मला उघडायची. समोर प्लायवूडची पाठ. तिथं ती बघत बसायची. मी तरी तिला काय दाखवणार होते? माझ्याकडे होतं तेवढं सगळं गेलं होतं. ती सुई काढायची, पुन्हा टोचायची. आम्ही दोघी एका खोलीत असून एकट्या होतो.

"माय, इथं काहून बसली अंधारात?" भैय्याजी विचारायचा. "पुढं पंखा आहे."

"मले इथं बरं वाटते."

अशी चार वर्षं गेली. मग एका मे महिन्यात कूलर घ्यायचं ठरलं. नागपूरच्या मे महिन्याची कीर्ती मी काय सांगू! माझ्यामागचं प्लायवूडसुद्धा त्या उष्णतेनं वाकलं आणि एका बाजूला बोटभर फट पडली. कूलरसाठी नव्या खोलीच्या रस्त्याकडच्या भिंतीला भगदाड पाडायला दादाजी आला. पहिली वीट निघाली आणि त्या फटीतून उजेडाची रेघ माझ्या गजांवर पडली. मला वाटलं, मी रडेन.

आणखी विटा निघाल्या. कौसल्यानं ती रेघ पाहिली. ती उठली. तिनं आपलं स्टूल उचललं, नव्या खोलीत नेलं आणि विटांच्या धुळीत, भगदाडापुढे जाऊन बसली. दादाजी हातोडा घेऊन बाजूला झाला. प्रेमलता म्हणाली, "आई, धूळ आहे ना!" कौसल्याला ऐकूच गेलं नाही.

ती किती वेळ बसली कोणास ठाऊक. मग बाहेरून आवाज आला.

"अवं कौसल्या! जित्ती हायेस काय वं?"

"जित्ती आहो ना! तूच तं वाट सोडली."

"वाट नाही सोडली वं. टोपली ठेवाले जागाच नाही राह्यली. दारात उभी राहून काय सांगू, काहून आली म्हणून?"

आणि पाठमोरी होऊन इंदूबाईनं टोपली सरकवली. पण भगदाड उंच होतं. टोपली कडेला अडली, कलली, टमाटे रस्ताभर झाले. दोघी म्हाताऱ्या अशा हसल्या, की भैय्याजी आतून धावत आला. चार वर्षांत आईचं हसू त्यानं ऐकलं नव्हतं. तो दारातच थांबला. बाहेर जाऊन त्यानं आधी टमाटे गोळा केले. मग आईजवळ येऊन बसला.

"माय, इथं खिडकी पाह्यजे होती तं सांगतलं काहून नाही?"

"तू हौसेनं बांधून राह्यला होता गा. कसं सांगू?"

भैय्याजी उठला. मग दादाजीला म्हणाला, "कूलर मागच्या भिंतीले लावू. इथं खिडकी करा."

"किती उंच ठेवू?"

"मायले विचारा."

मित्रांनो, हे दोन शब्द ऐकायला चार वर्षं लागली. कौसल्यानं स्टुलावर बसून कोपर कुठं टेकेल ते हातानं दाखवलं. बाहेरून इंदूबाईनं खांद्याला हात लावून दाखवलं. दादाजीनं दोन्ही हातांच्या मधोमध कोळशानं रेघ मारली.

मी वाट पाहू लागले. आता मला काढतील, धुतील, तेल पाजतील आणि रस्त्याकडच्या भिंतीत नेऊन बसवतील. का नाही? ती जागा माझीच होती. पण जुनी भिंत अजून मातीचीच होती. तिसऱ्या दिवशी हातगाडीवरून लोखंडी खिडकी आली, हिरव्या रंगाची. ती बसवली, बाहेर रुंद फरशी टाकली, शिवणयंत्र तिच्यापुढे गेलं. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? मत्सरही वाटला.

आता दुपारी मला कोणी उघडत नाही. ज्या खोलीत मी आहे, तिथं दिवसा कोणी नसतं. प्लायवूडच्या फटीतून उजेडाची रेघ येते आणि तिच्यासोबत आवाज येतो. "कौसल्या, वं कौसल्या!" मग तांब्याचा आवाज. मग हसणं. मी ऐकते. एकटेपणा अजून आहेच, पण पूर्वी तो आम्हा दोघींचा होता. आता तिच्या वाट्याचा गेला, माझ्या वाट्याचा उरला. चालतं.

तुम्ही मोठे व्हाल, तुमचीही घरं वाढतील. जरूर वाढवा. पण भिंत उठवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढं विचारा, की तुम्ही दुपारी कुठं बसता आणि तिथून तुम्हाला काय दिसतं.

माझं म्हणाल, तर संध्याकाळ होते. कौसल्या काम आवरून तिच्या खाटेकडे, म्हणजे माझ्या खोलीत येते. हातात सुई असते. लोखंडी चौकटीला सुई टोचत नाही. ती अंधारातच हात पुढे करते, माझी चीर तिच्या बोटांना बरोबर सापडते, आणि सुई सकाळपर्यंत माझ्याकडे राहते.