जावयाला समुद्र दाखवला

आमच्या जावयाची नागपूरला बदली निघाली तेव्हा सगळे नातेवाईक गळा काढून बसले. मी नाही बसले. बदली नाकारता येते. फक्त माणसाने नाही म्हणायला हवं, आणि माणसाला नाही म्हणायला लावायचं काम माझं.

मी विमला. बोरीवलीच्या काजूपाड्यात मला विचारल्याशिवाय नळावर भांडणसुद्धा लागत नाही. आमचे हे, म्हणजे काशीराम, गिरणीत होते. संपात गिरणी बसली, तेव्हा ह्यांना वॉचमनची नोकरी मीच मिळवून दिली. राधा आमची एकुलती एक. मुलुंडला दिलीय, चंद्रप्रकाशरावांना. माणूस सोन्यासारखा, पण मूळचा घाटावरचा. मटणाच्या रश्श्यावर वाढलेला. मासा म्हणजे त्यांच्या लेखी पापलेटचा तुकडा, तोही हॉटेलातला. अशा माणसाला नागपूर काय नि मुंबई काय! त्याला इथे धरून ठेवायला काहीतरी हवं ना?

जावईबापू बँकेत. बँकेला उत्तर द्यायला आठवडा होता आणि त्यांची रजा शिल्लक होती. मी फर्मान काढलं. दोघांनी आठवडाभर आमच्याकडे राहायचं, रोज एक कोळीवाडा बघायचा. "जावईबापू, रजेत महाबळेश्वरला जायचं म्हणता, तिथे काय ठेवलंय? थंडी आणि स्ट्रॉबेरी! चला माझ्याबरोबर."

"आई, अगं..." राधा म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्याच भल्याचं आहे."

सुरुवात गोराईपासून. खाडी ओलांडताना जावईबापूंनी होडीची कड अशी धरली की होडीवाला म्हणाला, "साहेब, होडी घरी न्यायचीय का?" पण पलीकडे उतरले आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील बघून उभेच राहिले. मला वाटलं होतं, नाकाला रुमाल लावतील. कसलं काय! एका म्हातारीपाशी बसून तासभर गप्पा हाणल्या. मनोरीला तिसऱ्यांचे शिंपले कसे चोखायचे ते मी शिकवलं. उत्तनला मांदेली काट्यासकट चावून खाल्ली. मढला चिंबोरीची नांगी दातांनी फोडायला गेले आणि दाढ दुखवून घेतली, तरी दुसरी मागितलीच.

मी ह्यांच्या कानाशी म्हटलं, "लागला गळाला!"

"तुका लाज कशी वाटणा नाय गो?" हे म्हणाले. ह्यांचं मालवण असंच मध्येच बाहेर येतं.

"लाज धरून पोर जवळ राहते का?"

वर्सोव्याला तर कमालच झाली. जावईबापू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कोळ्यांबरोबर होडी ओढायला लागले, आणि "हेइऽऽ" म्हणून ओरडायलासुद्धा. राधा मात्र सगळीकडे मागे मागे. विचारलं तर म्हणे, पाय दुखतात. दुखू देत म्हटलं, नागपूरला गेलीस तर जीव दुखेल. खरं सांगायचं तर माझा दुखला असता. एकच पोर. ती एवढ्या लांब गेली तर मी भांडू कोणाशी?

शेवटच्या दिवशी पुन्हा मनोरी, जावईबापूंच्याच हट्टाने. किनाऱ्यावर जानकी नावाची कोळीण टोपल्या मांडून बसली होती, नवरा शेजारी जाळं झटकत होता. मी त्याला सुरमईचा भाव विचारला. तो हसला. "मला नको विचारू बाय. होडी किनाऱ्याला लागली की मासळी हिची, भाव हिचा."

तेवढ्यात जावईबापू पाण्याकडे बघत म्हणाले, "राधा, नको जाऊया गं. राहूया इथेच."

अगं बाई! मला नाचावंसं वाटलं. जानकीला म्हटलं, "हे माझे जावई. नागपूरला निघाले होते. राहिले!"

तिने जावयाकडे बघितलंच नाही. राधाकडे बघितलं. "आन् तू गो पोरी? तुला रावायचंय?"

"तिला काय विचारतेस? ती तर..."

"तुला नाय इचारलं," जानकी म्हणाली.

राधा खाली वाळूत बघत होती. मग मान वर करून म्हणाली, "मला जायचंय."

"काय?"

"आई, बदली ह्यांनी आपणहून नाही मागितली. मी मागायला लावली. लग्नाआधी तू सांगशील ते, मुलुंडला सासूबाई सांगतील ते. कालवणात खोबरं किती घालू, हेसुद्धा अजून मी ठरवलेलं नाही. एकदा माझ्या घरात माझ्या मनाने करून बघायचंय गं. चुकलं तर चुकलं."

जावईबापू चोरासारखे उभे होते. बदली बायकोला हवीय हे न सांगता हा माणूस आठवडाभर माझ्याबरोबर हिंडला होता. मला असा राग आला की वाटलं, टोपलीच उलथून टाकावी. मी जावयाला खाऊ घालत होते, आणि निघाली होती माझी पोर! राग ओसरला तसं ध्यानात आलं. मी तिला विचारलंच नव्हतं. या आठवड्यात नाही, आणि आधीही कधी नाही.

"काय देऊ?" जानकीने विचारलं.

सुरमई अगदी जिभेवर आली होती. गिळली. राधाला म्हटलं, "तू सांग."

तिने सगळ्या टोपल्या बघितल्या आणि कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं. निवट्या! खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या, बुळबुळीत, अजून जिवंत. माझ्या चुलीवर असली चिखलातली मासळी कधी चढली नव्हती. आमच्या देवगडकडे माझ्या आईने मला घराबाहेर काढलं असतं.

"घे," मी म्हटलं.

कशा करायच्या ते राधाने जानकीकडून नीट विचारून घेतलं. घरी येऊन राखेने चोळून साफ केल्या, वाटण वाटलं. मी दोनदा स्वयंपाकघरात डोकावले, तेव्हा ह्यांनी मला हाताला धरून बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं. तिथे बसून मी मसाल्याचा वास घेत राहिले. तिरफळं घालायला सांगावं असं फार वाटत होतं.

मग राधाने पानं वाढली. जावईबापू जेवले, हे जेवले, आणि तिघंही माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी भात कालवला, घास घेतला.

खरं सांगते, झकास झाल्या होत्या. त्याचंच मला रडू आलं.