भूपेंद्रशेठच्या खिशातला रिमोट

हो, मीच बोलतोय. भूपेंद्रशेठच्या झब्ब्याच्या खिशातला मोबाइल. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवण्यात माझी सगळी हयात गेली. आज माझं स्वतःचं सांगतो, आणि मध्ये कुणाचा फोन आलाच तर खुशाल वाजू दे.

दुकानाच्या काचेत होतो तेव्हा काय ऐट होती माझी! या कॅमेऱ्यात चंद्रावरचे डाग दिसतात, असं दुकानदार शपथेवर सांगायचा. आणि मला घेतलं कुणी, तर बुऱ्हाणपूरच्या केळीच्या व्यापाऱ्याने. चंद्र राहिला बाजूला. मी केळीच्या घडांचे फोटो काढले आणि रोज सकाळी दोनशे लोकांना गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात धाडलं. त्यातली निम्मी माणसं ते न उघडताच पुसून टाकतात. शेठना हे सांगायची सोय नाही, त्यांना वाटतं सारं गाव त्यांच्या गुलाबाची वाट बघत बसलंय.

मागच्या दिवाळीला शेठची मुलगी मोनाली इंदूरहून घरी आली. तिथल्या कॉलेजात शिकते, कबड्डी खेळते. बाप सोफ्यावर पसरतो आणि दर दहा मिनिटांनी “शोभा, रिमोट कुठंय? शोभा, रिमोट दे!” करत आईला स्वयंपाकघरातून उठवतो, हे तिने चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी तिने माझ्यात एक ॲप टाकलं.

“बाबा, आता मोबाइलच तुमचा रिमोट. आईला हाका मारायच्या नाहीत.”

पोरीने आईचे हेलपाटे वाचावेत म्हणून केलं हो! झालं भलतंच. हे ॲप घराबाहेरूनही चालतं, असा शोध शेठना आठवड्याभरात लागला. त्या दिवशी त्यांनी जुना रिमोट कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि घरात सांगितलं की रिमोट बिघडला. कपाटाची किल्ली माझ्या शेजारी, खिशात.

मग रोजचा खेळ सुरू झाला. दुपारी मंडीतला केळीचा लिलाव आटोपला की शेठ मला बाहेर काढत. घरी टीव्ही चालू असला की माझ्यावर हिरवा ठिपका दिसतो. ठिपका दिसला रे दिसला की शेठचा अंगठा पडलाच! घरी शोभावहिनी जेवणखाण उरकून, भिंतीवरच्या बटणाने टीव्ही लावून नुकत्या टेकलेल्या. मालिकेतली सून विषाचं दूध ओठाला लावते आणि पडदा काळा, मग भिंतीवरचं बटण कितीही दाबा! वहिनींनी बिचाऱ्यांनी मेकॅनिक बोलावला. त्याने टीव्ही उघडला, आत फुंकर मारली, व्होल्टेज कमीजास्त होतंय म्हणाला आणि गेला. हे शेठ मंडीत टाळ्या देत सांगायचे. ट्रकच्या ट्रक भरून दिल्लीला माल धाडणारा माणूस, आणि पराक्रम काय, तर बायकोची मालिका बंद पाडणं! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण करतो काय? अंगठा त्यांचा.

वहिनींना पुढे मंडीतल्याच कुणाकडून तरी कळलं. त्यांनी भांडण केलं नाही, मालिका बघणं सोडून दिलं.

पण परवाची गोष्ट वेगळी होती. मोनालीचा संघ अंतिम सामन्यात पोचला होता. बुऱ्हाणपूरची पोरगी खेळतेय म्हटल्यावर आमच्या केबलवाल्याने सामना थेट दाखवायचं ठरवलं. सकाळी शेठ निघाले तेव्हा वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, आज तेवढा टीव्ही बंद करू नका. मोनालीची मॅच आहे.”

“काही गरज नाही! पोरगी चड्डी घालून उड्या मारणार आणि सारा गाव बघणार. माझ्या घरात ते लागणार नाही. मी तिकडून बघतोच.”

“मी तिला एकदाही खेळताना पाहिलं नाही हो. एकदाही नाही.”

शेठनी मला खिशात कोंबलं आणि गाडीला किक मारली.

दुपारी शेठ यादवच्या चहाच्या टपरीवर बसले. माझ्यावर हिरवा ठिपका उमटला. शेठनी अंगठा दाबला, ठिपका गेला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि चहाचा घोट घेतला.

इतक्यात यादव ओरडला, “अरे शेठ, ये तो अपनी मोनाली है!”

टपरीवरच्या टीव्हीवर तोच सामना लागला होता. मंडीतली झाडून सगळी माणसं गोळा झाली. शेठनी आधी मान फिरवली. मग तिरक्या डोळ्याने पाहिलं. मग खुर्ची थोडी वळवली. पाच मिनिटांनी बघतो तर शेठ सगळ्यांच्या पुढे, मांडी ठोकून! म्हणजे गावाने बघायचं नाही, आईने तर मुळीच नाही, आणि ह्यांनी मात्र पहिल्या रांगेत बसायचं. काय म्हणावं या माणसाला?

आणि तेवढ्यात माझ्यावर पुन्हा हिरवा ठिपका.

शेठ दचकले. दाबलं, बंद. अर्ध्या मिनिटात पुन्हा चालू! पुन्हा दाबलं, पुन्हा चालू! रिमोट कपाटात, किल्ली खिशात, आणि घरातला टीव्ही काही ऐकेना. शेठच्या कपाळावर घाम आला. एक डोळा पोरीवर, एक डोळा माझ्यावर. तेरा वेळा बंद केला त्यांनी, मी मोजलंय. तेरा वेळा तो लागला. मी वरवर गरीब चेहरा करून होतो, आतून नाचत होतो.

शेजारचे मधुकरशेठ वैतागले. “अहो, तिकडे पोरगी खेळतेय आणि तुम्ही मोबाइलमध्ये काय तोंड खुपसून बसलात?”

“नेटवर्क बघतोय,” शेठ म्हणाले.

शेवटची चढाई उरली. दोन्ही संघ बरोबरीत. मोनाली रेषा ओलांडून आत शिरली, तिघींनी तिला धरलं, आणि ती तिघींना ओढत हात लांब करून रेषेला टेकली! शेठ उभे राहून बोंबलत होते. मी बाकड्यावर पडलो होतो, माझा हिरवा ठिपका जळत होता आणि तो विझवायची आठवण कुणाला नव्हती. वहिनींनी ती चढाई पुरी पाहिली असणार, या विचाराने मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

“पोरगी कुणाची आहे!” शेठ छाती काढून मंडीभर सांगत सुटले. “घरीसुद्धा मीच इथून लावून दिलंय.”

ऐकलंत? मीच लावून दिलंय!

संध्याकाळी पेढे घेऊन घरी आले. “पाहिलीस ना मॅच? टीव्ही कसा काय लागला गं?”

“लागला आपोआप,” वहिनी म्हणाल्या. मोरीत भांडी घासणाऱ्या गोदाबाई खाली मान घालून हसत होत्या.

मग मोनालीचा फोन आला, अर्थात माझ्यावर. शेठनी घाईघाईने उचलला. “बेटा, पूर्ण मॅच पाहिली मी!”

“हो बाबा? बरं, आईला द्या.”

वहिनींनी मला घेतलं, स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं. तिथे त्या लेकीला सांगत होत्या, तेव्हा मला सगळा उलगडा झाला. टीव्ही पहिल्यांदा बंद झाला तेव्हा वहिनी रडायला लागल्या होत्या. तेव्हा गोदाबाई हात पुसत पुढे आल्या. “वहिनी, रडता कायले? टीव्हीच्या खाली बटन हाय ना. रोज फडका मारते मी, मले माहीत हाय.” आणि जैनाबादहून दोन घरची धुणीभांडी करायला येणारी ती बाई तेराही वेळा टीव्हीशेजारी बोट लावून उभी राहिली, दुसरं घर बुडवून.

आता मी ओट्याजवळ, वहिनींच्या कानाशी आहे. पाऊण तास झाला, माय-लेकींचं बोलणं संपत नाही. तीन टक्के बॅटरी उरलीय, अंग तापलंय, पण इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा माझ्यातून काही बोलण्यासारखं बोललं जातंय. हॉलमध्ये शेठ काळ्या टीव्हीसमोर बसलेत. त्यांचा रिमोट इथे, माझ्या पोटात. कपाटातला काढावा तर बिघडलाय असं स्वतःच सांगून बसलेत.

“अगं शोभा, बातम्या लाव ना जरा!”

मला कानाशी धरूनच वहिनी बाहेर गेल्या. शेठनी हात पुढे केला. वहिनींनी त्यांच्या शेजारचा चार्जर उचलला, आत आल्या, मला लावला आणि दाराला आतून कडी घातली.

“हं, बोल मोना. मग ती तिसरी तुला कुठे धरत होती?”