खडूची खूण

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. परीक्षेला जाताना तुम्ही पॅड म्हणून जो काखेत मारता ना, तोच. माझा चिमटा गंजला आहे, एक कोपरा पाणी पिऊन फुगला आहे, आणि अंगावर पेनाच्या टोकाचे इतके वळ आहेत की सपाट जागा शोधावी लागते. त्या वळांचीच ही गोष्ट.

बीडच्या एका दुकानात मी भावंडांबरोबर टांगलेला होतो. दहावीच्या परीक्षेसाठी सलिमाने मला निवडले. पुढे तिचे लग्न झाले आणि कपड्यांच्या पेटीत तळाशी बसून मीही तिच्या सासरी आलो. नवरा अशफाक मोटारसायकली दुरुस्त करायचा, सलिमा घरी ब्लाउज शिवायची. मापे लिहायला तिने मला बाहेर काढले. एका सकाळी मापांच्या कागदामागे तिने एक गोष्ट लिहिली आणि माझे आयुष्य पालटले.

त्यानंतर रोज मशीनवर बसण्याआधी एक पान. घरात पाहुणे असोत की ईद असो, एक पान. काही सुचले नाही तर "आज काही सुचत नाही" असे लिहून ती पान भरायची, आणि निम्म्यात कुठेतरी गोष्ट सापडायची.

पाली गावची छबुबाई सीताफळांची पाटी घेऊन बाजाराला येई. ऊन चढले की सलिमाच्या ओट्यावर टेके. पक्की शिलाई मारण्याआधी सलिमा ब्लाउजला कच्चा दोरा घालून गिऱ्हाइकाच्या अंगाला लावून बघायची. गोष्टही ती तशीच छबुबाईला लावून बघू लागली. वाचताना तिची नजर मात्र छबुबाईच्या हातांवर असे. हात मांडीवर असले की गोष्ट नीट चालली आहे. हात पाटीतली सीताफळे चाचपू लागले, की त्या ओळीवर सलिमा शिवणाच्या खडूने खूण करी.

"तिच्या डोळ्यांतून आसवांचा महापूर लोटला," सलिमाने एकदा वाचले. हात लगेच पाटीकडे गेला.

"काय झालं, मावशी?"

"महापूर कावून गं? सासू एक शब्द बोलली तर महापूर? आमची बिंदुसरा नदी बी इतकी लोटत न्हाई!"

सलिमा पोट धरून हसली आणि तिने ती ओळ इतकी दाबून खोडली की कागद फाटला. मला कळ आली. पण मित्रांनो, एक गुपित सांगतो. राहिलेले शब्द कागदाबरोबर जगात जातात. खोडलेले शब्द माझ्याकडे राहतात.

त्या वर्षी सलिमाची गोष्ट एका दिवाळी अंकात छापून आली. अशफाकने अंक गॅरेजभर फिरवला. पानोपानी ग्रीसची बोटे उमटली.

मग घरात मोबाइल आला. सलिमा भाजी शिजता शिजता, जमेल तसे, अंगठ्याने लिहू लागली. त्यात वाईट काही नव्हते. पण रोजचे पान मोडले. लिहिले की लगेच ग्रुपवर पाठवायचे, आणि लगेच सगळे म्हणायचे, अप्रतिम.

"आज वाचायचं न्हाई का?" छबुबाईने एकदा विचारले.

"लोकांना लई आवडतंय आता, मावशी. तुमचा टाइम कशाला घ्यायचा?"

"व्हय बाई. मोठी झालीस." छबुबाईने पाटी उचलली. दिवाळी सरताच ती ऊसतोडीला निघून गेली.

मी माठावर झाकण होऊन राहिलो. कोपरा तेव्हाच फुगला. मित्रांनो, ओल सोसता येते हो. पण सकाळ झाली की मी पेनाच्या टोकाची वाट बघायचो, आणि माझ्यावर पेला उपडा पडायचा.

हिवाळ्यात एक स्पर्धा निघाली. सलिमाने मोबाइलवर जीव ओतून गोष्ट लिहिली: आई ऊसतोडीला गेलेली, मागे राहिलेली तिची पोर. ग्रुपने डोक्यावर घेतली. स्पर्धेला मात्र हाताने लिहिलेली प्रत हवी होती, म्हणून तिने मला माठावरून उतरवले. पुसताना मशीनवरचा शिवणाचा खडू माझ्यावर पडून फुटला. तिने भुगा तळहाताने झटकला, तसे माझे वळ पांढरे होऊन उठले. ती वाकून वाचू लागली. आसवांचा महापूर.

तिने मोबाइल उघडला. नव्या गोष्टीतही तोच महापूर होता. एकदा नव्हे, दोनदा.

तिने ताबडतोब छबुबाईला फोन लावला आणि अख्खी गोष्ट वाचून दाखवली.

"लई भारी हाय गं," पलीकडून आवाज आला.

"मावशी, खरं सांगा. तुमचे हात कुठायत?"

"कोयत्यावर! आणखी कुठं असणार, बेअकले?"

सलिमा हसली आणि तिने फोन ठेवला. पण फोनवर हात दिसत नाहीत.

"पाठवून टाक ना," अशफाक म्हणाला. "सगळ्यांना आवडली."

"कच्च्या दोऱ्याचा ब्लाउज मी कुणाला दिलाय कधी?"

स्पर्धेची तारीख निघून गेली. त्या दिवशी सलिमा मशीनवर उशिरा बसली. पण दुसऱ्या सकाळपासून माझ्यावर पुन्हा रोज एक पान येऊ लागले, आणि आम्ही दोघे ओट्याकडे बघत बसू लागलो.

गुढीपाडवा झाल्यावर छबुबाई आली. रापलेली, वाळलेली, पाटीत चिंचा. सलिमाने पाण्याचा तांब्या दिला आणि स्पर्धेसाठी लिहिलेली ती गोष्ट वाचायला घेतली. पोर रडत रडत आईच्या गाडीमागे धावते, तिथे छबुबाईचे हात पाटीत गेले.

"कावून, मावशी?"

छबुबाई एक चिंच सोलू लागली. "माझी पोर दीपमाला रडत न्हाई गं. गाडी हालली की माझी जुनी चप्पल पायात घालती आन् अंगणात फिरती. शेजारीण सांगत होती. धा-धा दिस काढत न्हाई."

सलिमाने महापूर खोडला. दोन्ही ठिकाणी. मग चपलेची ओळ लिहिली आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचले. या वेळी अर्धवट सोललेली चिंच छबुबाईच्या हातात तशीच राहिली.

बाळांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा पुठ्ठा असेल, तर त्याला माठावर ठेवू नका. रोज एक पान त्याच्या अंगावर ठेवा. आणि ते पान ज्याला वाचून दाखवाल, त्याचे शब्द ऐका, पण त्याच्या हातांकडे बघा.

पुन्हा दिवाळी जवळ आली आहे. छबुबाई जाईल, ओटा रिकामा होईल. पालीच्या अंगणात एक मुलगी मोठी चप्पल घालून फिरेल. इथे रोजचे पान होत राहील, आणि माझ्या चिमट्यात अडकवलेला खडू गुढीपाडव्याची वाट बघेल.