दोन साडू आणि अर्धा पूल

माझ्या थोरल्या भावाला देवाने दोन जावई दिले आणि त्यांच्या वाटणीची अक्कल बहुधा चुकून शेजारी टाकली. दोघे राहायला एकाच घरात आणि नोकरीला पूल बांधणाऱ्या एकाच कंपनीत. सगळे नकाशे साठवायचं खातं त्यांच्याकडे. थोरला हार्ड डिस्कवाला. गरगर फिरणाऱ्या चकतीशिवाय त्याला जगात काही टिकाऊ दिसत नसे, म्हणून तो चकतीराव. धाकटा फ्लॅशवाला. फ्लॅशमध्ये फिरत काहीच नाही, सगळं विजेच्या भाराने चिपमध्ये बसतं; म्हणून ती चपळ आणि महाग. याचं नाव झटपट. वाक्य संपायच्या आत चूक करून मोकळा व्हायचा.

चकत्यांचे दिवस भरले, असं झटपट जेवताना सांगायचा. तुझी फ्लॅश म्हणजे चार दिवसांची नवरी, असं चकतीराव आंघोळीतून ओरडायचा. माझ्या दोघी पुतण्यांनी कानात कापूस घालून संसार केले.

तेवढ्यात खातेप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं, एक जुना पूल रुंद करायचाय, त्याचा नकाशा तुम्हा दोघांकडेही आहे. काम द्यायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर जो तो उघडून दाखवेल त्याची खुर्ची. चकतीरावाने त्याच संध्याकाळी खुर्चीच्या मापाची उशी शिवायला टाकली.

आधी झटपटची पाळी. या शहाण्याने काय केलं होतं, तर जिथे काही फिरत नाही तिथे वीज कशाला, म्हणून जुन्या नकाशांचे फ्लॅश ड्राइव्ह यंत्रातून उपसून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत कोंबले होते. वर्षानुवर्षं. विजेविना फ्लॅशमधला भार झिरपून जातो, आणि त्या पत्र्याखाली तर पाल भाजून निघायची. पाहुण्यांसमोर ड्राइव्ह लावला. पाटी कोरी.

चकतीरावाचा नकाशा तेव्हा उघडतच होता. गप्प बसला असता तर खुर्ची त्याचीच होती. पण साडूची फजिती बघून गप्प बसायला मोठ्या मनाचा माणूस लागतो. तो यंत्राच्या कपाटाला टेकून हसला. त्याचं हसणं म्हणजे खडीचा ट्रक उलटणं. चकतीवर केसाहून बारीक अंतरावर तरंगणारी सुई त्या हादऱ्याने भांबावली. नकाशा अडकला. मग हा यंत्रावर ओरडला, त्यामुळे ते आणखी अडकलं. पुढे कर्र झालं. पडद्यावर पुलाचे खांब आले. वरचा रस्ता काही आला नाही.

झटपट हळूच म्हणाला, "पुढे पोहत जायचं का, साडूभाऊ?"

खुर्ची मिळाली बाहेरच्या माणसाला. तो एवढंच म्हणाला, की रोजच्या कामाला फ्लॅश, ढिगाला चकत्या, आणि प्रत्येकाची एक प्रत दुसरीकडे. यात कसली विद्वत्ता? रोजची पातेली ओट्यावर आणि मोठी माळ्यावर, हे कुठल्याही घरात कळतं. या दोघांचं सोडून.

आता दोघे एकाच खोलीत बसतात. झटपटने कपाटातल्या ड्राइव्हना अधूनमधून वीज पाजायची आणि चकतीरावाने आवाज चढवायचा नाही, असा हुकूम आहे. उद्याचा जमाना कोणाचा, यावर भांडण चालूच आहे, पण कुजबुजत.

उशी वाया गेली नाही. नवा प्रमुख तिच्यावर बसतो. मापाची निघाली म्हणे.