एका कंप्युटरला दोन राखणदार

"बाबा, तू कशालाही हात लावू नकोस. उद्या पप्पा येऊन बघतील," असं लेक फोनवर म्हणाली, आणि प्रूफवाल्यांच्या पोटात नेहमीच्या ठिकाणी दुखायला लागलं.

पप्पा म्हणजे तिचे सासरे. बाबा म्हणजे हे स्वतः. उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला, म्हणून सगळी इमारत त्यांना प्रूफवाले म्हणायची. लेक शाळेत भूमिती शिकवायची. दर शनिवारी दुपारी ती माहेरी यायची आणि तिच्या जुन्या खोलीतल्या कंप्युटरवर प्रश्नपत्रिका तयार करायची. सासरी माणसांचा राबता फार, इथे शांतता. ती आत त्रिकोण काढत बसायची आणि प्रूफवाले बाहेर वर्तमानपत्र उघडून बसायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही, पण ती दुपार त्यांची होती.

झालं होतं असं, की वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कंप्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि त्यांच्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. लेक घाबरली. प्रश्नपत्रिका गेल्या तर? एखादा चांगला अँटिव्हायरस घालून घ्यायलाच हवा होता.

खरं तर प्रूफवाले महिनाभर तेच वाचत होते. कोणता अँटिव्हायरस जास्त व्हायरस पकडतो, कोणता जुन्या मशीनला जड होत नाही, कोणता उठसूट खिडक्या उघडून डोकं खातो, या सगळ्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. निवड करत करत ते दोनांवर आले होते आणि दोनांवरच अडकले होते. नक्की झालं की लेकीला सांगू, असं रोज ठरवत होते. तेवढ्यात पप्पा आले.

व्याह्यांचा लिफ्ट दुरुस्तीचा धंदा. माणूस दणदणीत. आधी बटण दाबायचं, मग काय होतं ते बघायचं, अशी कामाची रीत. लेक त्यांच्याबरोबरच आली होती. व्याह्यांनी खुर्ची ओढली, काहीतरी उतरवून घेतलं, अटींचं लांबलचक पान आलं तेव्हा ते न बघताच "मान्य" दाबलं.

"वाचलंत का ते?" प्रूफवाल्यांनी हळूच विचारलं.

"अहो व्याही, ते लिहिणाऱ्यानेसुद्धा वाचलेलं नसतं."

लेक खळखळून हसली. बायकोही हसली. चहा निवायच्या आत काम झालं, आणि आता मुंगीसुद्धा शिरणार नाही असं सांगून व्याही उठले. लेकीने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर प्रूफवाल्यांच्या चांगल्या ओळखीची होती. लहानपणी ती तुटलेल्या सायकलची साखळी घेऊन यायची आणि बाबांनी ती बसवली की अशीच बघायची.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर प्रूफवाले कंप्युटरसमोर बसले. दोनांपैकी एक अँटिव्हायरस त्यांनी एका झटक्यात निवडला. मत्सराने महिनाभराचं काम सकाळीच उरकलं. अटी मात्र त्यांनी शेवटपर्यंत वाचल्या आणि त्यात दोन चुका काढल्या. मध्येच स्क्रीनवर सूचना आली, की या मशीनवर आधीच दुसरं संरक्षण आहे, ते काढायचं का? प्रूफवाले विचारात पडले. छापखान्यात प्रत्येक प्रूफ दोघं तपासायचे. पहिल्याच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला सापडायचं. दुसरा वाचक आला म्हणून पहिल्याला कोणी घरी पाठवत नसे. त्यांनी "नाही" दाबलं. व्याह्यांचा मानही राहिला आणि त्यांच्या चुका धरायला आपला माणूसही बसला, असं वाटून त्यांना त्या दुपारी छान झोप लागली.

शनिवारी लेक आली आणि कंप्युटर सुरू होईपर्यंत तिचा चहा पिऊन झाला. एक फाईल उघडायला जावं तर मशीन घरघरायचं. "संशयास्पद हालचाल सापडली" अशी खिडकी यायची, ती बंद करावी तर दुसरीकडून तसलीच दुसरी. एक चौकोन काढता काढता ती रडकुंडीला आली.

"काय जड प्रकरण घातलंय पप्पांनी," ती वैतागून म्हणाली.

प्रूफवाल्यांना आनंद झाला. मग त्याची लाज वाटली. पण आनंद आधी झाला, आणि लाजेपेक्षा मोठा होता. त्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. एवढ्यात लेक पुढे म्हणाली, की पप्पा तिच्यासाठी घरीच नवीन मशीन घेऊन द्यायचं म्हणताहेत, मागची खोलीही रिकामी करून देणार आहेत. मग दर शनिवारी इकडे यायची धावपळ नको. तिने नुसतं सांगितलं, पण प्रूफवाल्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

तिने फोन केला आणि व्याही आले. या वेळी त्यांचा चेहरा जरा उतरलेला होता. त्यांनी इकडे तिकडे बटणं दाबली आणि थबकले.

"हा दुसरा कोणी घातला?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कोणी काही सांगायच्या आत नवऱ्याकडे बघायला लागली.

"मी," प्रूफवाले म्हणाले.

मग त्यांनी पहिला वाचक, दुसरा वाचक, सुटलेल्या चुका हे सगळं समजावून सांगितलं. व्याह्यांनी ते मन लावून ऐकलं.

"व्याही, कागद तपासायला दोघं ठीक. पण हे दोघं एकमेकांनाच चोर समजतात हो. याने उघडलेलं तो धरतो, तो हलला की हा धरतो. खऱ्या चोराकडे बघायला कोणाला वेळच नाही."

"असं एक घर माझ्या माहितीतलं आहे," बायको म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

लेक मात्र हसली नाही. "बाबा, खरं काय ते सांग. पप्पांनी घातला होता ना? मग का?"

प्रूफवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू मला विचारलं नाहीस."

"तुला विचारलं असतं तर तू अजून वाचतच बसला असतास."

"बसलो असतो," ते म्हणाले. "पण विचारायचंस."

लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि व्याही खिडकीबाहेर असं बघायला लागले जणू बाहेर लिफ्ट बंद पडली आहे.

आता दोनांतला कोणता काढायचा? व्याही म्हणाले, माझा काढा, तुम्ही अभ्यास करून निवडलाय. प्रूफवाले म्हणाले, छे, तुमचा आधीचा, तुमचाच राहू द्या. लग्नात मानाच्या खुर्चीवरून झाली नव्हती एवढी ओढाताण सुरू झाली. लेकीने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग कोणाला तरी फोन लावला.

"सर, जरा विचारायचं होतं... हो का? दोन्ही काढू? कंप्युटरमध्ये मूळचा असतो तोच पुरतो? बरं. तुम्ही म्हणाल तसं."

आवाज कसा मऊ झाला होता, लहानपणी सायकलची साखळी घेऊन यायची तेव्हा व्हायचा तसा. तिने दोन्ही अँटिव्हायरस पटापट उडवून टाकले आणि मशीन सुतासारखं सरळ चालायला लागलं.

"कोण हो हे सर?" व्याह्यांनी प्रूफवाल्यांच्या कानाशी येऊन विचारलं.

"शाळेत नवीन आलेत वाटतं. मला काही बोलली नाही."

"मलाही नाही."

व्याह्यांचा चेहरा पडला होता. प्रूफवाल्यांनी तो नीट निरखून बघितला. दाढी करताना आरशात रोज दिसायचा तोच चेहरा.

"पुढच्या शनिवारी इथेच बोलावते सरांना," लेक मान वर न करता म्हणाली. "एकदा सगळं मशीन बघून जातील."

म्हणजे शनिवार राहिला. प्रूफवाल्यांनी श्वास सोडला, तेवढ्यात सर आठवले आणि तो मध्येच अडकला.

"मीही येईन म्हणतो शनिवारी," व्याही म्हणाले.

"या ना," प्रूफवाले म्हणाले. "जरा आधीच या."